शिक्क्याखालचं कुंकू

कुणाकडे चहाला गेले की कप रिकामा झाल्यावर मी तो हळूच उलटा करते आणि बुडावरचा छाप वाचते. यजमानीण बघत असेल तर ओशाळते, पण थांबत नाही. अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळींना ही खोड आता माहीत झाली आहे. नवी पैठणी नेसून आलेली बाई मला बघितलं की पदर सावरत पलीकडच्या टेबलाकडे सरकते. माझी स्वतःची मुलगी वाढदिवसाची भेट देताना पावती आधीच आत घालून ठेवते. "सेव्ह्ज टाइम, आई," म्हणते.

सगळी नोकरी संशय घेण्यात गेली, त्याला मी तरी काय करणार? मोटारींचे इलेक्ट्रॉनिक भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी बनावट चिपा पकडायचं काम करत होते. बनावट चिप म्हणजे काय, ते सोपं आहे. भंगारातल्या बोर्डांवरून जुन्या चिपा उपटायच्या, त्यांची पाठ घासायची, वर काळा रंग चढवायचा, नवा नंबर छापायचा आणि कोऱ्या म्हणून विकायच्या. दिसायला देखण्या असतात. अशी एखादी ब्रेकच्या यंत्रणेत जाऊन बसली की काय होईल, ते सांगायला नको. माझं हत्यार म्हणजे ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा. चिपेच्या पाठीवरून फिरवायचा. कापूस काळा झाला की माल परत. समोर बसलेला विक्रेता गळ्याची शपथ घेत असायचा, मी त्याच्या तोंडाकडे न बघता कापसाकडे बघायची.

निवृत्त झाल्यावर हेच काम जुन्या कॉम्प्युटरांसाठी करायला लागले. ऐंशीच्या दशकातले घरगुती कॉम्प्युटर जमवणारे लोक अमेरिकेत पुष्कळ आहेत आणि त्यांना फसवणारेही तितकेच. ओहायोहून एक गृहस्थ कधीच न उघडलेलं खोकं घेऊन आले होते. प्लॅस्टिकचं वेष्टणसुद्धा शाबूत. डोनट्सही आणले होते, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. वेष्टणाची शिवण मला आवडली नाही. उघडलं तर आत न्हाणीघरातल्या फरशीचा तुकडा निघाला. गृहस्थ रडकुंडीला आले. त्यांना कुणी फसवलं होतं की ते मला फसवायला आले होते, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. डोनट्स मात्र मी खाल्ले.

संशय घेण्याचं काम मी केलं, तसा संशय माझ्यावरही घेतला गेला आहे. मी नागपूरची. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देव्हारा नाही, हळदकुंकू नाही. पहिल्यांदा इथल्या मराठी मेळाव्याला गेले तेव्हा एका बाईंनी आडनाव विचारलं, मग गाव, मग गावातला भाग, मग "म्हणजे तुमच्याकडे गणपती दीड दिवसाचा की पाच?" एकेक प्रश्न म्हणजे एकेक कापसाचा बोळा. कापसाला काय लागलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलंच. त्या घोळक्यातून उठून माझ्या शेजारी येऊन बसलेली एकमेव बाई म्हणजे शैलाकाकू. म्हणून त्यांचा फोन आला तेव्हा मी नाही म्हणू शकले नाही.

"प्रज्ञा, तू जुन्या कॉम्प्युटरचं खरं-खोटं सांगतेस म्हणे. आमच्या ह्यांचं एक यंत्र आहे बेसमेंटमध्ये. बघतेस?"

शैलाकाकूंचे यजमान शरदकाका जाऊन दोन वर्षं होत आली होती. त्यांच्या यंत्राबद्दल आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. कुठल्याही पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरून पदार्थ आणून केलेल्या पंगतीत, जेवणं झाली की काका सुरू व्हायचे. एका जपानी कंपनीचा स्वस्तातला घरगुती कॉम्प्युटर होता. कंपनीचं नाव मी मुद्दाम देत नाही. दिलं की संग्राहकांच्या ईमेल सुरू होतात आणि त्यातल्या निम्म्या माझ्याकडून काहीतरी काढून घेण्यासाठी असतात. क्रीम रंगाचं डबडं, रबरी बटणं, वरच्या खाचेत खेळाचं कार्ट्रिज खोचायचं आणि घरच्याच टीव्हीला जोडायचं. जपानमध्ये शाळकरी मुलांच्या आईबापांना तो परवडायचा, म्हणून बऱ्यापैकी खपला. मग कंपनीला अमेरिका दिसायला लागली. जर्सी सिटीत एक छोटं ऑफिस उघडलं आणि जपानी यंत्र अमेरिकेत चालेल असं करायचं काम, काका म्हणायचे, "ह्या पठ्ठ्याने केलं!" पण तोवर अमेरिकन कंपन्या एकमेकींच्या किमती पाडत सुटल्या होत्या. स्वस्त यंत्राची सगळी मदार स्वस्ताईवर, आणि तीच गेली. अमेरिकन आवृत्ती दुकानात आलीच नाही. ऑफिस बंद.

"मग दाखवा की एकदा," कुणीतरी हमखास म्हणायचं. काका विषय बदलायचे. पाठीमागे लोक हसायचे. खरं सांगायचं तर मीही हसले होते. त्या यंत्राचा जेवढा इतिहास छापून आला आहे, त्यात अमेरिकन नमुना तयार झाल्याचा उल्लेख कुठेच नाही.

आता एका लहानशा संग्रहालयाने काकूंना कळवलं होतं की यंत्र अस्सल असेल तर ते मांडू, शेजारी काकांच्या नावाची पाटीही लावू. काकूंचा मुलगा नितीन दूर तिकडे बॉथेल गावी सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी गेले तेव्हा तो फोनच्या स्पीकरवर होता.

"काकू, नो ऑफेन्स," तो मला म्हणाला, "बट डॅड ऑलवेज एक्झॅजरेटेड. मॉमला उगाच होप देऊ नका."

काकूंनी फोन बंद केला आणि मला बेसमेंटमध्ये नेलं. खोकं तिथल्या वरच्या फळीवर होतं. न्यू जर्सीहून इकडे आले तेव्हाच्या सामान हलवणाऱ्यांची पिवळी पट्टी त्यावर चारी बाजूंनी होती, आणि पट्टीवर काकूंच्या अक्षरात मार्करने लिहिलेलं, ह्यांचं, उघडू नये. मी पट्टी सगळीकडून तपासली. ती इतकी वाळली होती की बोट लागलं तरी तुकडे पडत होते. पुन्हा चिकटवलेली नव्हती. म्हणजे जर्सी सोडल्यापासून कुणीच, खुद्द काकांनीही, हे खोकं उघडलेलं नव्हतं.

स्वतः बनवलेलं यंत्र माणूस चाळीस वर्षं कुणाला दाखवत नाही? मला ते मुळीच पटलं नाही.

पट्टी मी काकूंसमोर कापली. हा माझा नियमच आहे. काकू माझ्या हातांकडे टक लावून बघत होत्या. मधेच म्हणाल्या, "यंत्र उघडल्यावर कळतं का गं, कधी उघडलं होतं शेवटचं? कुठल्या महिन्यात?"

"थोडंफार कळतं. का?"

"असंच."

असंच कुणी विचारत नाही. पाणी कुठेतरी मुरतंय हे मी ओळखलं, आणि माझा पहिला संशय काकूंवरच गेला. वाटलं, विकायचं असेल, संग्रहालय हे निमित्त असेल. मी यंत्र माझ्या पिशवीत ठेवलं तसं त्यांनी चहा टाकला आणि माझ्यासमोर बसून, कपाकडे बघत सांगून टाकलं.

"ह्यांचं ऑफिस नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला बंद झालं. मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. हे रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी यायचे. 'आज काम फार होतं' म्हणायचे. जानेवारीत एका हळदीकुंकवाला त्यांच्या ऑफिसातल्याची बायको भेटली. म्हणाली, ऑफिस बंद झाल्यापासून आपल्या दोघींचेही नवरे घरी, कंटाळा येत असेल ना तुमच्या मिस्टरांना? मी हो म्हणाले."

"आणि घरी येऊन विचारलं?"

"नाही विचारलं. दुसऱ्या दिवशी डबा भरून दिला. मेमध्ये ह्यांना इकडे नोकरी लागली, आम्ही आलो. तो सगळा हिवाळा हा माणूस कुठे जात होता? आधी वाटायचं, बाई आहे. मग वाटायचं, जुगार. कधी वाटायचं, नुसता बाकावर बसत असेल आणि मीच पापी. विचारायची हिंमत झाली नाही आणि विसरताही आलं नाही. आता ते नाहीत. नितीन म्हणतो, डॅड थापा मारायचे. मला त्या पाटीचं काही नाही गं. हा माणूस माझ्याशी खोटं बोलला का, आणि कशासाठी, एवढंच मला मरायच्या आधी कळायला हवं."

मी सांगितलं की यंत्र माणसाच्या येण्याजाण्याची नोंद ठेवत नाही. तरी बघते म्हणाले.

घरी टेबलावर घेतलं आणि एकेक गोष्ट खटकायला लागली. बुडाच्या पाटीवर जपानी मजकूर, शंभर व्होल्ट. जपानमध्ये घरात वीज शंभर व्होल्टची असते, आपल्या अमेरिकेत त्याहून जास्त. पण आत ट्रान्सफॉर्मर बसवलेला होता अमेरिकन विजेचा. बटणांपैकी काहींवर कोपऱ्यात काना, म्हणजे जपानी अक्षरं होती, काही बटणं नुसती इंग्रजी. टीव्हीला चित्र पाठवणारी पत्र्याची डबीसुद्धा बदललेली. जपानी यंत्र जपानी टीव्हीच्या चॅनलवर चित्र पाठवतं. इथल्या टीव्हीला लावलं तर नुसती खरखर. ही डबी आपल्या चॅनल तीनवर पाठवणारी होती आणि हाताने डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, बसवली होती.

हे सगळं काकांच्या गोष्टीशी जुळत होतं. जरा जास्तच जुळत होतं. कुठल्याही हौशी माणसाने जुनं जपानी यंत्र आणून, जुने भाग शोधून हे असंच केलं असतं आणि नंतर आयुष्यभर फुशारकी मारली असती.

मग चिपांच्या तारखा बघितल्या. प्रत्येक चिपेच्या पाठीवर ती बनल्याचं वर्ष आणि आठवडा छापलेला असतो. भाजीवाला सांगेल तो ताजेपणा आणि देठ सांगेल तो ताजेपणा यांत जो फरक, तो इथे या आकड्यांत कळतो. सगळ्या चिपा ऑफिस चालू असतानाच्या निघाल्या. एक सोडून. डाग न देता नुसती खोबणीत बसवलेली, पाठीवर काचेची बारीक खिडकी आणि खिडकीवर काळी पट्टी असलेली एक चिप होती. अशा चिपेत आपण आपला प्रोग्राम भरू शकतो, आणि खिडकीतून तीव्र प्रकाश गेला की तो पुसतो, म्हणून पट्टी. ती बनली होती पुढच्या जानेवारीत. म्हणजे ऑफिस बंद झाल्यावर.

यंत्रापेक्षा वयाने लहान भाग सापडला की आमच्या धंद्यात खेळ संपतो. कुणीतरी मागाहून उघडलं, छेडछाड केली, अस्सल नाही. मी तसा अहवाल लिहायलाही घेतला. मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही.

एकच गोष्ट राहिली होती. बोर्डाच्या कोपऱ्यात जपानी कारखान्याचा 'तपासून पास'चा कागदी चौकोन चिकटवलेला होता, त्यावर तपासनिसाच्या नावाचा गोल तांबडा शिक्का. चौकोनाच्या कडेला तांबडी भुकटी दिसली. शिक्क्याची शाई असणार असं आधी वाटलं. पण शाईची भुकटी होत नाही. मग वाटलं, गंज; पण तिथे लोखंड नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्याबरोबर पिवळे कणही दिसले आणि ही भुकटी कागदाच्या खाली, आतपर्यंत गेलेली दिसली. मी अहवालात 'अज्ञात तांबडा पदार्थ' असं लिहिलं आणि काकूंना फोटो पाठवून विचारलं, घरात कधी रंगकाम, रांगोळी असं काही यंत्राजवळ झालं होतं का?

लगेच फोन आला. "अगं, रांगोळी काय! कुंकू आहे ते. आणि ते पिवळं म्हणजे हळद. यंत्राची पूजा केलीय कुणीतरी!"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीला जायचो. शेजारच्या गॅरेजमध्ये पान्ह्यांना, मोटरसायकलींना हळदकुंकू लागलेलं मी दरवर्षी येताजाता बघितलं होतं. पण बघितलेलं असलं तरी हातात कधी धरलं नव्हतं, त्यामुळे भिंगाखाली ते मला ओळखू आलं नाही. दुसरा कुठलाही मराठी तपासनीस असता तर त्याने ते पहिल्या नजरेत ओळखलं असतं.

अर्थात काकू म्हणाल्या म्हणून मी मानणार थोडीच! इंडियन ग्रोसरीत जाऊन कुंकवाची पुडी आणली. माझ्या आईने मला ती खरेदी करताना बघितलं असतं तर तिने पिशवी तपासली असती. हळदीपासून केलेल्या कुंकवावर लिंबू पिळलं की ते पुन्हा पिवळं होतं. पुडीतल्या कुंकवावर लिंबाचा थेंब टाकला, ते पिवळं झालं; मग यंत्रातला एक कण घेऊन त्यावर टाकला. पिवळा झाला.

मग मी खुर्चीत मागे टेकले आणि सावकाश विचार केला. वरचा थर नंतरचा आणि खालचा थर आधीचा, एवढ्या एका नियमावर माझी भाकरी चालली आहे. कुंकू खाली होतं, कारखान्याचा कागद वर. तो कागद पातळ, सोलला की फाटणारा. सोललेला नव्हता, डिंक अखंड होता. म्हणजे जपानी तपासनिसाने शिक्का मारायच्या आधी हा बोर्ड अशा माणसाच्या हातात होता, ज्याने त्याला हळदकुंकू वाहिलं. जर्सी सिटीहून बोर्ड जपानला गेला, तपासला गेला, पास झाला आणि परत आला. हौशी माणसाचा बोर्ड जपानच्या कारखान्यात जाऊन शिक्का घेऊन येत नाही. काकांनी अमेरिकन नमुना केला होता. पॉटलकमध्ये ते सांगायचे त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं, आणि आम्ही हसत होतो. मला माझी लाज वाटली.

त्या तपासनिसाने कुंकू पुसलं कसं नाही, हाही प्रश्न मला पडला. दिसलं नसेल, असं म्हणणं सोपं आहे. पण आमच्या धंद्यातला माणूस न बघता शिक्का मारत नाही. माझा संशय असा आहे की त्याने बघितलं, कुणीतरी काहीतरी मनापासून लावलंय एवढं त्याला कळलं आणि त्याने मुद्दाम त्याच्यावर कागद चिकटवला.

काकूंना सांगितलं तर त्यांना आनंद झाला नाही. म्हणाल्या, "हे आणि पूजा? देवाला हात जोडायचे नाहीत कधी. मी आरती करत असले की पेपर वाचायचे. माझ्याच करंड्यातलं नेलं असणार चोरून. बघ, म्हणजे लपवायची सवयच होती." त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नव्हतं, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

उत्तर असलं तर त्या जानेवारीतल्या चिपेत होतं. यंत्र अस्सल नाही असं जिच्यामुळे ठरत होतं तीच चिप. यंत्र सुरू करून बघण्याआधी मी तिच्यातला मजकूर उतरवून घेतला. इतक्या वर्षांत तो विरलेला असण्याचीही भीती होती. जपानी यंत्रातल्या मूळ प्रोग्रामची प्रत संग्राहकांकडे असते, ती शेजारी ठेवून ताडून बघितलं. सगळं सारखं, फक्त जिथे काना अक्षरांचे आकार ठेवलेले असतात तेवढा भाग वेगळा होता. प्रत्येक अक्षर म्हणजे आठ आडव्या, आठ उभ्या ठिपक्यांची चौकट. मी ते ठिपके कागदावर मांडले. पहिला आकार कळला नाही. दुसरा कळला. तो ळ होता.

सगळी देवनागरी होती. आठ ठिपक्यांत कोंबलेली, जोडाक्षरांशिवाय, मात्रा अक्षराच्या डोक्यावर न बसता शेजारी उभ्या. ऑफिस बंद, यंत्र रद्द, नोकरी गेलेली, आणि हा माणूस जपानी अक्षरं काढून त्या जागी मराठी अक्षरं बसवत होता. जानेवारीत बनलेली चिप आणि मेमध्ये बंद झालेलं खोकं, या दोन टोकांमध्येच हे झालं असणार. कुठे बसून, ते मला माहीत नाही. अशी चिप भरायला वेगळं यंत्र लागतं, ते बंद ऑफिसातच असणार. कदाचित किल्ली त्यांच्याकडे राहिली असेल. हा माझा अंदाज. खोकं कधी का उघडलं नाही, ते मात्र आता मला कळलं. ते दाखवलं असतं तर काकूंनी विचारलं असतं, हे कधी केलंत?

तरी एक गोष्ट मला खटकतच होती. यंत्र सुरू करून बटणं दाबून बघितली तर अक्षरं त्यांच्यावर कशीही विखुरलेली होती. क इकडे, ख तिकडे, ग तिसरीकडेच. माझ्यासारख्या पद्धतशीर बाईला हे काम अर्धवट सोडल्यासारखं वाटलं.

संग्रहालयाला कळवलं की नमुना अस्सल आहे, एक चिप मागाहूनची आहे. आणि एका रविवारी दुपारी जुना टीव्ही गाडीत घालून काकूंकडे गेले. फोनवर काही सांगितलं नव्हतं. यंत्र डायनिंग टेबलावर मांडलं, टीव्ही चॅनल तीनवर लावला, इंग्रजीवरून काना अक्षरांवर नेणारं बटण दाबलं आणि एकेक अक्षर उमटवून दाखवलं. तारखा सांगितल्या. अंदाज सांगितला, तो अंदाज आहे हेही सांगितलं.

काकू पडद्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. त्या माझ्याकडे वळल्या.

"हे तू घातलंस."

"काय?"

"तुझ्याकडे होतं ना यंत्र इतके आठवडे? तुला येतं हे सगळं करायला. म्हातारीला बरं वाटावं म्हणून केलंस तू."

"काकू, मी असं कधी करत नाही! चिपेवर तारीख आहे, बघा हवं तर."

"तारखा छापता येतात. तूच सांगतेस सगळ्यांना."

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. पट्टी त्यांच्यासमोर कापली होती, पण पुढचं सगळं माझ्या घरात, एकटीने केलं होतं. फोटो माझे, कागद माझे. समोर शपथ घेणारे विक्रेते मला आठवले. मी आता त्यांच्याच खुर्चीत बसले होते आणि माझ्याकडे पुरावा नव्हता. मला राग आला, त्याहून जास्त वाईट वाटलं. चाळीस वर्षांनी दार उघडलं होतं आणि ते माझ्यामुळेच पुन्हा बंद होत होतं.

"आणि हे बघ," काकू चिडून बटणं दाबत म्हणाल्या, "ह्यांनी केलं असतं तर नीट ओळीने लावलं असतं. हे कायच्या काय. क इथे कशाला येईल..."

त्या थांबल्या. उजवा हात उचलला होता तो तसाच धरून बटणांकडे बघत राहिल्या. मग डावा हात वर घेतला. बोटं मधल्या ओळीवर ठेवली, पाठ सरळ केली आणि मान वर करून समोरच्या भिंतीकडे बघितलं. बटणांकडे बघितलंच नाही. बोटं चालायला लागली. रबरी बटणांचा आवाज होत नव्हता. पडद्यावर अक्षरं येत गेली:

सविनय सादर

"काकू, हे कसं...?"

"टाइपरायटर," त्या म्हणाल्या. "मराठी टाइपरायटरवर अक्षरं अशीच असतात. लग्नाआधी मी मुंबईला सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. दिवसभर सविनय सादर, सविनय सादर. इथे आल्यावर काही दिवस ह्यांना सांगत होते, बोटं वळवळतात माझी. मग बोलणं सोडून दिलं. हे तुला कुठून माहीत असणार? तुला येतं टायपिंग?"

मला येत नाही. दोन बोटांनी करते.

"मूर्ख माणूस," काकू म्हणाल्या. "मूर्ख, मूर्ख माणूस! एवढंच सांगायचं होतं तर सांगायचं ना. आणि मी एक बावळट, डबा भरून देत राहिले आणि मनात बाई शोधत राहिले." आता त्या रडत होत्या, आणि मीही. पण त्यांनी बोटं बटणांवरून उचलली नव्हती. डोळे न पुसताच त्यांनी पुढच्या ओळीवर टाइप केलं. या वेळी हळू, एकेक बटण दाबत.

कुठे जात होता

एवढं लिहून त्यांनी हात मांडीवर घेतले आणि पडद्याकडे बघत बसल्या.